न हलणारा केस

जिना चढताना माझे एक सहकारी अर्ध्यावर थांबायचे, दोन्ही हात कमरेवर ठेवायचे आणि म्हणायचे, "थांबा हो जरा. घाई काऊन करता?" तुम्ही पाहिलं असतं तर 'माणूस आळशी आहे' असं म्हणाला असतात. आम्हीही म्हणायचो. बुलढाण्याच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत, मी वनस्पतिशास्त्र. राज्य नवं, आमच्या नोकऱ्याही नव्या. थकलेले तेवढे ते एकटे.

वर्गात मात्र पेशीचा विषय निघाला की ते बसायचं विसरत. आपल्या बहुतेक पेशींवर एकच बारीक केस असतो, तो हलत नाही. पुस्तकात त्याला निरुपयोगी अवशेष म्हटलं होतं. त्यांना ते पटत नसे.

"पेशीले दुसरे कामं नाहीत का?" ते पोरांना विचारत. "आत प्रथिनं तयार करायची, पार टोकापर्यंत नेऊन जोडायची. झिजली की पुन्हा नवी. इतका खटाटोप कोणी फुकट करते का बे?"

पोरं हसत. केस कशासाठी, हे मात्र सरांनाही ठाऊक नव्हतं.

त्यांची धाकटी बहीण सोनाळ्याला दिलेली. तिनं भावासाठी आपल्या नणंदेचं स्थळ आणलं. यांनी नाही म्हटलं, कारण सांगितलं नाही. सासरी तिला मान खाली घालावी लागली. तिनं राखी पाठवणं बंद केलं, बोलणंही.

असंच जिन्यात थांबलो असताना मी त्यांना विचारलं, "नकार का दिला?"

"बाबा मूत्रपिंडानं गेले, मोठा भाऊही तसाच. पाण्याचे फोड धरतात आत. घराण्यातच आहे म्हणे. मलेही सुरू झालं. कोणाची पोर कशाले आणू?"

"मग बहिणीला सांगा तसं."

"तीही त्याच बापाची. लेकरं आहेत तिले. सांगतलं तर रोज पोट चाचपत बसन. त्यापक्षा रुसू द्या."

पुढे त्यांचे पाय सुजले, मग चेहरा. नागपूरला नेलं, पण उपाय नव्हता. बहीण आली ती मातीलाच. दाराशी बसून राहिली, रडली नाही.

मी निवृत्त झाल्यावर वाचलं: मूत्रपिंडातल्या पेशींना नळीतला प्रवाह त्या न हलणाऱ्या केसामुळे कळतो. तो बांधणारी, त्यावर राहून काम करणारी प्रथिनं बिघडली की फोड धरतात. ते जे शिकवत होते, तेच त्यांच्या आत मोडत होतं. मी पुस्तक मिटलं. कुणाला सांगावं, कळेना.

शेवटी सोनाळ्याची बस धरली. बहीण साठी ओलांडलेली, धडधाकट, लेकरंही ठणठणीत. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ओट्यावर बसून, तिनं दिलेला चहा घेत मी तिला सगळं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माह्यासाठी गप राह्यला तो?"

"हो."

"अन् मले तर काहीच झालं नाही, भाऊ."

माझा रिकामा कप उचलून ती उठली. पण आत गेली नाही, तिथंच उभी राहिली.