गुड्डीच्या साखरपुड्याचे फोटो

गोकुळ सिल्वासात आला तेव्हा प्राथमिक शाळेत होता. शिरपूरकडची थोडकी शेती भावांवर सोपवून त्याचे वडील, सुकदेव, इथल्या एका धाग्याच्या कंपनीत लागले आणि घर किलवणीतल्या एका चाळीत आलं. गोकुळ बारावीत असताना सुकदेव काविळीने गेले. आई मंजुळाबाईंनी पॅकिंगचं काम धरलं. त्यांची सकाळची पाळी असायची, म्हणून धाकट्या बहिणीला, गुड्डीला, शाळेसाठी तयार करणं गोकुळकडे आलं. वेण्या घालायला तो शेजारणीकडून शिकला. एक वेणी वर, एक खाली अशी त्याची कारागिरी. गुड्डीने कधी कुरकुर केली नाही. शाळेत गेल्यावर ती मैत्रिणीकडून वेण्या सोडवून पुन्हा घालून घ्यायची, हे त्याला फार वर्षांनी कळलं.

पुढे वडिलांच्याच कंपनीत तो मशीनवर लागला. एका दसऱ्याला मशीनची पूजा होती, तेव्हा सुपरवायझरने आपला कॅमेरा त्याच्या हातात दिला. त्या दिवशीचे फोटो बघून खात्यातली माणसं म्हणू लागली, माझ्या मुलाच्या बारशाला ये, माझ्या बहिणीच्या हळदीला ये. गोकुळने जुना कॅमेरा घेतला, मग त्याहून बरा घेतला. सुट्टीच्या दिवशी तो लग्नं काढायचा आणि इतर दिवशी धागा.

सिल्वासा आणि वापीकडच्या काही फोटोग्राफरांचा एक गट होता. महिन्यातून एकदा रविवारी सगळे टोकरखाड्यात कुसुमताईंच्या स्टुडिओत जमायचे. ज्याची पाळी असेल त्याने आपले फोटो मोठ्या टीव्हीवर लावायचे आणि बाकीच्यांनी खरं बोलायचं. नुसतं ‘मस्त’ म्हणायला तिथे बंदी होती. कुसुमताईंचे वडील कोकणातून इथे सरकारी नोकरीला आले होते. ताईंनी नोकरीचा नाद न करता स्टुडिओ टाकला. त्या कमी बोलायच्या, पण फोटोपुढे बराच वेळ उभ्या राहायच्या.

गोकुळची पाळी आली तेव्हा त्याने एका साखरपुड्याचे फोटो लावले. साखरपुडा गुड्डीचा होता, खानवेलच्या रोहनशी. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सगळे गोडच बोलले असते, आणि पुढच्या महिन्यात तिचं लग्न तोच काढणार होता. आपलं कुठे चुकतंय ते त्याला आधी कळायला हवं होतं.

जयवंतकाका गटात सगळ्यात ज्येष्ठ, रिळाच्या जमान्यातले. ते म्हणाले, “नवऱ्या मुलाचा हात कोपरात कापलास. आणि कपाळावर फ्लॅश बघ कसा चमकतोय. दिवा जरा बाजूला वळवायचा.”

गोकुळने मान हलवली.

“मागच्या प्लास्टिकच्या फुलांचं काय करायचं, बोला,” व्हिडिओवाला पप्पू म्हणाला. त्याची बायको उत्तरेकडची, धंदा गुजराती गिऱ्हाइकांचा, त्यामुळे त्याच्या बोलण्यात तिन्ही भाषा असायच्या. “बाकी जोडी एकदम सरस छे.”

कुसुमताई मात्र टीव्हीजवळ गेल्या. “पुढचा लाव,” त्या म्हणाल्या. “अजून पुढचा. आता मागे जा.” मग त्यांनी विचारलं, “मुलगी कुठे बघतेय?”

“कॅमेऱ्यात,” गोकुळ म्हणाला.

“कॅमेऱ्यात नाही. जरा वर बघतेय. तू कॅमेरा छातीशी धरून स्क्रीनमध्ये बघत होतास ना? ती तुझ्या तोंडाकडे बघतेय. अंगठी घालताना, पेढा भरवताना, सगळीकडे.”

“अरे बापरे, गोकुळभाई,” पप्पू हसला, “दुल्हन तर तुमच्यावरच फिदा दिसते.”

दोघंतिघं हसले. गोकुळचे कान तापले. तो खाली बघत म्हणाला, “बहीण आहे ती माझी.”

पप्पूने दोन्ही कान धरले आणि गोकुळच्या शेजारी येऊन बसला. “माफ कर, भाई. माहीत नव्हतं.”

“तुझं काय चुकलं,” गोकुळ म्हणाला. “मीच सांगितलं नाही.”

कुसुमताईंनी एक फोटो थांबवून ठेवला होता. पाटावर बसलेली गुड्डी, तिच्या मागे आई, मामा, काकू. “वडील नाहीत का?”

“नाहीत.”

“मग वडिलांच्या जागी कोण उभं राहिलं?”

“मामा होते ना.”

“आणि तू?”

“मी फोटो काढत होतो, ताई. फोटो काढणारा फोटोत कसा येणार?”

“तेच म्हणतेय,” त्या म्हणाल्या. “लग्न मी काढते. तू भाऊ म्हणून ये.”

गोकुळने नाही म्हटलं. दुसऱ्या कुणाच्या हाती बहिणीचं लग्न देणं त्याच्या मनाला पटेना. आपण घरच्यांसाठी जे करू शकतो ते हेच, असं त्याने कधीचं धरून ठेवलं होतं.

घरी येऊन त्याने झालेलं सांगितलं ते हसत हसत, जणू कुणा दुसऱ्याची गंमत. गुड्डी ब्लाउजला हुक लावत होती. तिने सुई थांबवली.

“ताई बरोबर बोलल्या,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“मला त्या दिवशी रडायला येत होतं, भाऊ. तू जवळ यावंस असं वाटत होतं. तू म्हणत होतास, मान वर कर, हस, थोडी डावीकडे हो. मी तुझ्याकडे बघायचे तर तू खाली स्क्रीनमध्ये.”

“फोटो चांगले यावेत म्हणून.”

“आलेच की चांगले.” ती पुन्हा हुक लावू लागली. “पण माझ्या हातात लाह्या कोण घालणार? रोहनचा कान कोण पिळणार? कॅमेरा गळ्यात घेऊन पिळशील?”

मंजुळाबाई चुलीपाशी होत्या. रागावल्या की त्या गावच्या अहिराणीवर यायच्या. “तुना बाप नही आते,” त्या मागे न बघता म्हणाल्या. “उभा राहाले तूच शे.” बापाच्या जागी उभं राहायला आता तोच होता.

गोकुळने त्याच संध्याकाळी कुसुमताईंना फोन केला.

लग्न किलवणीतच, चाळीमागच्या मैदानात मांडव घालून झालं. रोहनकडची मंडळी खानवेलहून आली. कुसुमताई फोटोला आणि पप्पू न बोलावता दिवे घेऊन हजर. गोकुळने नवा कुडता घातला होता आणि आपल्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. मंगलाष्टकं चालू असताना तो दोनदा ताईंजवळ सरकला. “ताई, तिकडून उजेड डोळ्यांवर येतोय.”

“दिसतोय मला.”

“अंतरपाट निघेल तेव्हा जरा खालून घ्या.”

“गोकुळ, तू मध्ये येतोयस,” त्या म्हणाल्या, आणि लगेच स्वतःच हसल्या. “नाही, ये. मध्येच ये. बहिणीजवळ जा.”

तो गेला. होमाच्या वेळी भटजींनी सूप पुढे केलं. गुड्डीने ओंजळ धरली आणि गोकुळने तीत लाह्या घातल्या. त्यातल्या बऱ्याच तिच्या शालूवर सांडल्या. या वेळी तिने वर बघितलं तेव्हा तोही तिच्याकडेच बघत होता. भटजींना पुढचा मंत्र म्हणायला थोडं थांबावं लागलं.

मग कानपिळी. गोकुळने रोहनचा कान नुसता चिमटीत धरला. रोहन हळूच म्हणाला, “दादा, जोरात पिळा. फोटोत दिसायला पाहिजे.” त्यावर गुड्डी फिस्सकन हसली आणि गोकुळने खरंच जोरात पिळला.

पाठवणीच्या वेळी ती त्याच्या गळ्यात पडली ती लवकर सुटेना. मांडवातली माणसं वाट बघत राहिली.

गट पुढच्या वेळी जमला तेव्हा कुसुमताईंनी आपले फोटो टीव्हीवर लावले. सवलत कुणालाच नव्हती. जयवंतकाकांनी चष्मा पुसला. “लाह्यांचा फोटो हलला आहे, कुसुम.”

“हो. माझा हात हलला.”

“तुझा?”

“माझा,” त्या म्हणाल्या आणि पुढचा फोटो लावायला वळल्या.

“तू बोल रे गोकुळ,” काका म्हणाले. “काय सुधारायला हवं?”

गोकुळ उठून टीव्हीजवळ गेला. “मला नाही सांगता येणार,” तो म्हणाला. “तो हललेला मला मोठा करून पाहिजे.”

फ्रेम केलेला फोटो त्याने घरी आणला तेव्हा मंजुळाबाई कामावरून नुकत्या आल्या होत्या. आजवर घरातल्या कुठल्याच समारंभात गोकुळचा फोटो नव्हता. त्यांनी पदराने काच पुसली आणि फोटो दारातल्या उजेडात धरला. मुलीकडे आधी बघितलं, मग मुलाकडे.

“एक खांदा खाली पडतो तुझा,” त्या म्हणाल्या. “तुझे वडील असेच उभे राहायचे. त्यांनाही कधी कळलं नाही.”

गोकुळने नकळत खांदा सरळ केला.

“राहू दे,” आई म्हणाली. “तसाच राहू दे.” आणि गुड्डीला हे सांगायला त्यांनी फोन हातात घेतला.