बर्फीतलं संत्रं

वरूडच्या बाजूला आमचं गाव. त्या वर्षी मार्चमध्येच विहिरी आटल्या. आमच्या वाटणीची संत्र्याची बाग आम्ही आदल्या उन्हाळ्यात तोडली होती. मोठ्या जाऊबाई मात्र टँकरने झाडं जगवत होत्या. फळ बारीक, बाजारात कोणी विचारत नव्हतं. बायकांच्या बचत गटाचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मी ठरवलं: बर्फी करायची, फळ जाऊबाईंचंच घ्यायचं, म्हणजे त्यांचा टँकर चालू राहील.

पहिल्या घाण्यात रस थेट खव्यात घातला आणि खवा फाटला. मग पांढऱ्या शिरा काढून गर साखरेत आटवला, कोहळ्याचा कीस घातला, खवा शेवटी. जमली. रंग फिकट, चव चांगली. डबा घेऊन मी अमरावतीला एका मिठाईवाल्याकडे गेले.

त्याने एक काप खाल्ला. "ताई, माल मस्त हाय. पन डोये मिटून खाल्ली तं हे संत्रं हाय असं कोन म्हनन?"

मग फळीवरची इसेन्सची छोटी बाटली काढून त्याने दुसऱ्या कापावर एक थेंब टाकला. शाळेच्या फाटकाबाहेर मिळणाऱ्या गोळ्यांचा वास आला.

"गिऱ्हाइकाले हे पायजे. लग्नसराईची ऑर्डर देतो. करता?"

मी हो म्हटलं आणि एका घाण्याला किती थेंब ते विचारून घेतलं.

जाऊबाईंनी बाटली हुंगली आणि हसल्या. "एवढ्याशा बाटलीत इतकं संत्रं असन, तं इहिरीले पानी कायले पायजे होतं माय!"

"गर घालूच आपण," मी म्हटलं.

"घाल. नाही तं मंग संत्र्याची कायची?"

पहिल्या खेपेला घातला. मिठाईवाल्याचा निरोप आला: बर्फी दोन दिवसांत ओलसर होते, गर नको, कोहळा आणि बाटली पुरे. गटातल्या बाकीच्या घरांचंही त्या ऑर्डरवरच चाललं होतं. मी गर बंद केला. जाऊबाईंना सांगितलं तेव्हा त्या "बरं" म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी टँकर बंद केला.

झाडं तोडायला मशीन आलं त्या दिवशीही आम्ही समाजमंदिरात बर्फी थापत होतो. बाग रस्त्याच्या पलीकडेच. आवाज सगळ्यांना येत होता. जाऊबाई थाळ्याला तूप लावत होत्या. घरी जा, असं मी त्यांना म्हटलं नाही. त्यांना जायचं असतं तर त्या गेल्या असत्या.

दुपारी खवा घेऊन आलेली बाई दारातच थांबली. "काय वास सुटला हो बाहेर! पाला, कच्ची साल, सगळा रस्ता घमघमून राहिला."

जाऊबाई हात पुसत दाराशी गेल्या. मीही गेले. पलीकडे अर्धवट हिरव्या फांद्यांचा ढीग पडला होता. त्यांनी दोन-तीनदा खोल श्वास घेतला.

"तुले येऊन राहिला का?"

सकाळपासून बाटलीवर काम केलेलं, नाकात तोच वास बसलेला. "नाही," मी म्हटलं.

"मलेही नाही."

त्या आत आल्या. सुरी उचलली. "याचे काप पाडू?"

"निवू द्या अजून," मी म्हटलं.