पाखरांचा हजेरीपट

आमच्या वाडीतली शाळा बंद पडली तेव्हा बाक, फळे, घंटा, सगळं तालुक्याच्या शाळेत गेलं. कोरे हजेरीपट तेवढे कुणालाच नको होते. ते इसाकूने हातगाडीत घालून घरी आणले. चौतीस वर्षं त्या शाळेत शिपाई म्हणून त्याने शेगड्या पेटवल्या, बर्फ उपसला, पोरांची नाकं पुसली. निवृत्तीचं बक्षीस म्हणायचं तर हेच.

तसा हजेरीपटाचा नाद त्याला जुनाच. तरुणपणी एका मास्तरांनी त्याला अर्धवट भरलेला पट दिला होता, आणि त्याने मुलांच्या नावांच्या रकान्यात घराभोवतीच्या जिवांची नावं लिहायला घेतली. गोठ्याच्या वळचणीची भिंगरी, ओढ्याकाठचा शेपूट हलवणारा परीट पक्षी, न्हाणीघराच्या खिडकीला चिकटून बसणारा हिरवा बेडूक, पडलेली पर्सिमनची फळं खायला येणारा कोल्ह्यासारखा तानुकी, मुळ्याच्या वाफ्यात पाहुण्यासारखा अवघडून उभा राहणारा रानबोकड. आला की ‘हजर’, नाही आला की ‘गैरहजर’. भिंगरीला तर तो ‘उशिरा’ असा शेरासुद्धा मारायचा. त्याची बायको उमेनो म्हणायची, “पोटच्या पोरीचा वाढदिवस लक्षात राहत नाही, पण बेडकाचा रकाना कसा चुकत नाही हो तुमचा?”

या वर्गातला त्याचा लाडका विद्यार्थी म्हणजे याबुसामे. अंगठ्याएवढं, पाचोळ्याच्या रंगाचं, शेपूट जवळपास नसलेलं पाखरू. खुरट्या बांबूच्या जाळीत राहतं आणि दिसायचं म्हणून नाव घेत नाही. एप्रिलच्या मध्यावर दक्षिणेकडून आलं की गातं, तेही किड्यासारखं. शीशीशीशी, बारीक सुरू होऊन चढत जाणारं. निम्म्या वाडीला तो किडाच वाटायचा. इसाकूला मात्र तो आवाज कानी पडल्याशिवाय हिवाळा संपला असं वाटतच नसे, कॅलेंडर काहीही म्हणो. त्या सकाळी तो घरात येऊन एवढंच म्हणे, “आला गं.” कोण, हे उमेनो कधी विचारायची नाही. उठून ती सणासुदीला करतात तो लाल घेवड्याचा भात शिजत घालायची.

गेन्पेई हा त्याचा शेजारी आणि लहानपणापासूनचा दोस्त. दोघांच्या घरांमागे ओकची एकच राई, अर्धी याची, अर्धी त्याची, आणि तिच्या पायथ्याशी बांबूची जाळी. सकाळी दहाचा चहा आणि लोणचं एक दिवस या ओसरीवर, एक दिवस त्या. हिवाळ्यात छपरावरचा बर्फ पाडायलाही दोघं मिळून. एकाच्या कमरेला दोर बांधायचा, दुसऱ्याने आढ्यापलीकडून तो धरून बसायचं. आमच्याकडे छपरावरून पडून दर साली कुणीतरी जातं, त्यामुळे आपला दोर कुणाच्या हातात आहे याला फार महत्त्व.

एका शरद ऋतूत गेन्पेईने त्याच्या वाट्याचे ओक तोडले. ओंडके करून त्यांवर अळंबी लावायची होती. घरात नुकतीच सून आलेली, खर्च वाढलेला. पुढच्या वसंतात इसाकू रोज पहाटे मागच्या दारी उभा राहिला. एप्रिल संपला. याबुसामे काही गायला नाही. इसाकूने पटात ‘गैरहजर’ लिहिलं, आणि तिथेच थांबला असता तर बरं झालं असतं.

लावणीआधी सगळी वाडी मिळून पाण्याचे पाट साफ करते. तिथे चिखलात उभा राहून, साऱ्यांच्या देखत इसाकू म्हणाला, “या गेन्पेईने करवत लावली ना, ती झाडाला नाही. पाखराच्या गळ्याला लावली.”

कुणीतरी हसलं. गेन्पेईने फावडं खांद्यावर टाकलं आणि घरची वाट धरली. चहा बंद झाला. पुढचे दोन हिवाळे सत्तरीला टेकलेले दोन म्हातारे आपापल्या छपरावर एकेकटे चढले, दोर खांबाला बांधून. उमेनो खाली उभी राहून शिव्या घालायची, “एका चिमणीएवढ्या पाखरापायी दोघंही मरा आता!” इसाकू ऐकून घ्यायचा आणि फावडं मारत राहायचा. पटात दुसरा ‘गैरहजर’ पडला, मग तिसरा. प्रत्येक वेळी त्याचा राग नव्याने पेटायचा. त्या रागाखाली काय होतं ते त्याला कळत नव्हतं असं नाही. गेन्पेईच्या ओसरीवरचं लोणचं त्याला स्वप्नात येत होतं.

तिसऱ्या वर्षी, मेच्या सुरुवातीला, गेन्पेईची सून सायोको गावकीच्या सूचनांची फळी घेऊन आली. ही फळी घरोघर फिरते, त्यामुळे भांडण असलं तरी टाळता येत नाही. सायोको सेंदाईची, शहरात वाढलेली, तोंडाने मोकळी.

“इसाकूकाका, तुमच्या मागच्या दारी हा कुठला किडा हो? आमच्याकडेही ऐकू येतो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते, दर वसंतात हा सुरू. इतक्या थंडीत किडे?”

“कुठला किडा?”

“हा काय! शीशीशीशी करतो तो. चढत चढत जातो बघा.”

इसाकूच्या हातातली फळी तशीच राहिली. “कधी ऐकलास?”

“कधी म्हणजे? आत्ता ओरडतोय की. कानावर हात ठेवावे लागतात कधीकधी.”

त्याने कानामागे तळवा धरला. ओढा वाजत होता. लांब कुणाचं तरी यंत्र चालू होतं. कावळा ओरडला, तोही स्वच्छ ऐकू आला. जाळीतून मात्र काही नाही. सायोको मान वाकडी करून नेमकी त्या जाळीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की तिथे कुणीतरी गात आहे.

ती गेल्यावर त्याने पायरीवरूनच उमेनोला विचारलं, तुला जाळीतला आवाज येतो का. उमेनो आतून म्हणाली, “मला काय विचारता? माझे कान तुमच्याआधी गेलेत. पण तुम्ही तापाचा थर्मामीटर बारीक आवाजात वाजून गेला तरी काखेत धरून बसता, हे मी कधीची बघत्येय. म्हटलं, आळस असेल.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही कुणाचं ऐकता का?”

तोंड बंद ठेवणं अगदी सोपं होतं. सायोकोच्या लेखी तो किडाच होता. वाडी ती गोष्ट विसरली होती. चार दिवस इसाकू घरात येरझाऱ्या घालत राहिला, आणि त्या चार दिवसांत त्याला पाखराचं दुःख झालं नव्हतं एवढी स्वतःची लाज वाटली. पाचव्या दिवशी त्याने तिन्ही वर्षांचे पट बगलेत मारले आणि गेन्पेईचं अंगण गाठलं.

गेन्पेई ओंडक्यांवर पाणी शिंपडत होता. त्याने वर पाहिलं नाही.

“याबुसामे कुठे गेला नव्हता,” इसाकू म्हणाला. “तिन्ही वर्षं होता. तुझ्या सुनेला रोज ऐकू येतो. बारीक आवाजाला माझे कान गेले, गेन्पेई. मी तुला चारचौघांत वाटेल ते बोललो आणि चूक माझ्या कानांची होती.”

गेन्पेईने पाण्याचा डबा खाली ठेवला. “तिन्ही वर्षं?”

“तिन्ही.”

“मला वाटलं, मीच हाकलला,” गेन्पेई म्हणाला. “तुला सांगतो, तू बोललास त्या दिवसापासून मी माझ्या बाजूची जाळी तोडली नाही. पोरगा ओरडतो, बाबा, साप होतील, साफ करा. मी म्हटलं, हात लावशील तर खबरदार. रोज पहाटे तिथे उकिडवा बसायचो मी. परत येतो का बघायला. गोचिड्या चावून घेतल्या. मलाही कधी ऐकू नाही आला रे.”

“तुलाही?”

“तुझ्याहून वर्षाने मोठा आहे मी. माझे कान काय नवीन आहेत?”

आधी गेन्पेईला हसू फुटलं, मग इसाकूला, आणि हसता हसता इसाकूचे डोळे कधी वाहायला लागले ते त्यालाच कळलं नाही. गेन्पेईने पट ओढून घेतले. “हे गैरहजर खोड आधी. माझ्यासमोर खोड. निर्दोष पोराला तीन वर्षं गैरहजर लावतोस, शरम नाही वाटत?” इसाकूने खोडलं आणि शेजारी शेरा लिहिला: ‘पाखरू हजर. शिपाई गैरहजर.’

त्यानंतरच्या रविवारी सकाळी दोघं जाळीपाशी एका ओंडक्यावर जाऊन बसले, मध्ये सायोकोला घेऊन. ती कुरकुरत आली होती. भांडी तशीच पडली होती तिची. ठरलं असं की याबुसामे गायला की तिने बोट वर करायचं. तिने बोट वर केलं की दोघं म्हातारे श्वास रोखून जाळीकडे बघायचे, खाली केलं की सोडायचे.

“काय बाई तुमचं!” ती म्हणाली. “मला तर तो कर्कश वाटतो.”

“गप्प बस, पोरी,” गेन्पेई म्हणाला. “तुझ्या कानांवर आमचे दोघांचे कान अवलंबून आहेत.”

ऊन वर आलं. सायोकोचे हात मांडीवर स्वस्थ पडले होते. बराच वेळ कुणीच गात नव्हतं. एकाएकी गेन्पेईने इसाकूचं मनगट घट्ट पकडलं. त्याचा चेहरा उजळला होता.

“आला! इसाकू, आत्ता आला. ऐकलास?”

इसाकूने सायोकोकडे पाहिलं. बोट मांडीवरच होतं. तिने बोलायला तोंड उघडलं, तेव्हा त्याने हळूच मान हलवून तिला गप्प केलं. पाखरांच्या बाबतीत तो आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता.

“ऐकला की,” तो म्हणाला. “अगदी जवळून.”