दत्ताराम मेस्त्रींची हलकी चाकं

गॅरेजात आलेली गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, किस्सा मात्र तिथेच राहतो. कणकवलीच्या आमच्या गॅरेजात मी बारा वर्षं फिटर होतो, त्यामुळे माझ्याकडे असे बरेच साठलेत.

गॅरेज दत्ताराम मेस्त्रींचं. मुंबईत शर्यतीच्या मोटारींवर काम करून ते पन्नास-एक्कावन्न साली गावी परतले आणि ऑइल इंजिनावर चालणारं, धातू तासायचं लेथ मांडून बसले. इंजिनाच्या मागे एक जड लोखंडी चाक असतं, फ्लायव्हील. ते तासून हलकं केलं की गाडी चटकन वेग घेते, हा त्यांचा ध्यास.

पहिली गाडी दिली आमच्या डॉक्टरीणबाईंनी. आठवड्यात परत आल्या. म्हणाल्या, "मेस्त्री, गाडी माझ्यापेक्षा घाईत असते. मी जरा थांबले की रुसून बंद पडते."

मेस्त्रींनी कार्बुरेटरचा स्क्रू फिरवून उभ्या गाडीचं इंजिन थोडं जोरात चालेल असं केलं. त्यावर बाईंची तक्रार नव्हती. फक्त एवढंच म्हणाल्या, की आता गाडीच्या आवाजानेच पेशंट हाक ऐकायच्या आधी उठून बसतात.

*

फ्लायव्हीलनंतर पुली. पंखा फिरवणारा पट्टा जिच्यावर बसतो ती पुली लोखंडाची असायची. मेस्त्रींना ती हलकी, अ‍ॅल्युमिनियमची हवी होती. धातू मिळेना. एका दुपारी त्यांची बायको, सुशीलावहिनी, थेट गॅरेजात आल्या. घरातला अ‍ॅल्युमिनियमचा मोठा टोप सापडत नव्हता.

मेस्त्रींनी गुपचूप लेथवरची चकचकीत पुली दाखवली. वहिनींनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"बरी झाली," त्या म्हणाल्या. "आता भात खंय शिजवू? हेच्यात?"

संध्याकाळी मेस्त्री नवा टोप घेऊन घरी गेले. एक नंबर मोठा.

*

तासलेलं चाक समतोल नसेल, तर वेगात फुटून जीव घेऊ शकतं. म्हणून मेस्त्री ते दांड्यावर बसवून दोन सपाट लोखंडी पट्ट्यांवर ठेवून तपासत. जड बाजू आपोआप खाली येई. वाऱ्यानेही ते हलायचं, म्हणून दारं बंद करून आम्ही चौघं भोवती श्वास रोखून बसायचो. एकदा एक गिऱ्हाईक दार ढकलून आत आलं, आम्हाला तसं पाहून टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोण गेलो?"

मेस्त्रींनी मान वर केली नाही. "अजून कोण नाय. ह्यां वाकडां फिरलां तर जातलो."

*

वैभववाडीकडचे एक शेतकरी पाण्याच्या पंपाचं इंजिन बैलगाडीत घालून आले. त्यांनाही चाक हलकं करून हवं होतं. मेस्त्रींनी तासभर समजावलं, की पंपाला वेग नको, एकसारखी चाल हवी. जड चाकच बरं. काम न करताच परत पाठवलं.

"कळला," ते निघताना म्हणाले. "श्रीमंताचां वजन उतरयतास, गरिबाचां ठेवतास."

मेस्त्री त्या दिवशी जेवले नाहीत. पुढच्या रविवारी मला घेऊन त्यांच्या शेतावर गेले आणि पंप नीट बसवून दिला.

*

साठ सालानंतरची गोष्ट. कोल्हापूरकडच्या काही हौशी मंडळींनी आंबोलीचा घाट चढायची शर्यत ठरवली, पहिली बस यायच्या आत. काजूवाले वसंतशेठ आमच्याकडे तयार केलेली गाडी घेऊन उतरले. गाडी मागे पडली तर परत कोणी मेस्त्रींकडे यायचं नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

चढावर उभी गाडी शेठनी सुरू केली, क्लच सोडला, बंद. पुन्हा बंद. हलक्या चाकाला पाय हलका लागतो, आणि शेठ क्लच एकदम सोडत होते. मागचे लोक हसायला लागले. शेठ उतरले आणि गर्दीत उभ्या आप्पांच्या हातात किल्ली दिली. आप्पा आमच्या गावचे, आधी खाजगी सर्व्हिसवर, मग एस.टी.वर ड्रायव्हर, नुकतेच निवृत्त झालेले. पंचांनी नोंदणीचा कागद पाहिला. त्यावर गाडीचा नंबर होता, माणसाचं नाव नव्हतं.

आप्पांनी चपला काढल्या, गाडी अलगद उचलली आणि धुक्यात दिसेनासे झाले.

अकरा गाड्यांत ते दुसरे आले. आम्ही वर पोचलो तेव्हा बॉनेटवर हात ठेवून उभे होते, डोळे भरलेले. मेस्त्रींनी विचारलं, गाडी कशी वाटली?

"तीस वर्सां ह्यो घाट चढतंय," आप्पा म्हणाले. "आज पयल्यांदाच मागसून कंडक्टरान घंटी मारूक नाय."