मधली गावं

शारजाबाहेरच्या खजुराच्या बागांमधून मी दर रविवारी सकाळी घड्याळाकडे बघत सायकल हाणायचो. एकदा चाक पंक्चर झालं, तेव्हा वाटेतल्या शेळ्यांना घंटी वाजवत महाडकडचा एक वेल्डर रमतगमत आला. जुनी सायकल, कॅरिअरला थर्मास. त्यानं आधी मला चहा ओतला, मग चाकाला हात लावला.

“बावीस वर्षं प्रत्येक सुट्टीला विमानतळावरून थेट घरी पळालो, साहेब. मधली गावं बघितलीच नाहीत. पुढच्या महिन्यात इथलं खलास, कायमचा चाललो. सामान कार्गोनं जाईल, मी मुंबईहून सायकलवर. लागू देत चार दिवस.”

“आणि वहिनी? थांबतील तेवढं?”

तो लाजला. “थांबते कुठली! सायकल शिकतेय. माणगावपर्यंत सामोरी येते म्हणाली.”