लांब पाठीची गाडी

गाडी घ्यायची ठरली तेव्हा आमच्या घरात माणसं तीन होती आणि मतंही तीनच होती. नवऱ्याचं म्हणणं, गाडी लहानात लहान घ्यावी, म्हणजे लग्नसराईत नातेवाईक मागायला येणार नाहीत. सासऱ्यांचं म्हणणं, गाडी घेऊच नये. भिवंडीत रस्ते नाहीत, खड्डे खणून उरलेली जागा आहे. आणि मला हवी होती स्टेशन वॅगन.

हे वेड मला रद्दीच्या दुकानात लागलं. वर्गातल्या तक्त्यांसाठी चित्रं शोधत होते, तर एका परदेशी मासिकात एक लांब पाठीची गाडी दिसली. पुढून साधी मोटार, मागे मात्र डिकीच्या जागी छप्पर थेट शेवटपर्यंत गेलेलं, आणि त्यात एक कुत्रा, दोन सायकली आणि एक हसरं कुटुंब. आमच्याकडे कुत्रा नव्हता, सायकल नव्हती आणि कुटुंब फारसं हसत नसे. तरी मी ते पान फाडून घेतलं. मी तेव्हा खारबावच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. खारबावला रेल्वे जाते, पण तिच्या वेळा आणि शाळेच्या वेळा यांचं कधी पटलं नाही. प्रयोगाची भांडी, तक्ते आणि पेपरांचे गठ्ठे घेऊन रोज जायचं तर अशीच गाडी हवी, असं मी घरात पटवून दिलं. खरं सांगायचं तर भांडी एका पिशवीत मावत होती. मला गाडी चालवायला आवडायचं आणि ती गाडी मला दिसायला आवडली होती, एवढंच.

नव्वदीची नुकती सुरुवात होती. असली गाडी नवी घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं आणि जुनी कुणाकडे दिसत नव्हती. शेवटी वळ गावात एका जमीनदाराकडे पत्ता लागला. शेतावर गोदामं उठल्यापासून त्याच्या दारात वाहनंच वाहनं झाली होती. ही पांढरी गाडी त्याने पेंढा आणायला ठेवली होती. मी बॉनेट उघडून वाकले तसा तो नवऱ्याला म्हणाला, "गारी कोन चालवनार, तुमी का बाई?"

"बाई," नवरा म्हणाला.

"मंग तुमी जरा बाजूला व्हा," असं म्हणून त्याने माझ्याशी व्यवहार केला. "इंजान एक नंबर हाय. बाकी काय न्हाय."

बाकी खरोखरच काही नव्हतं. मागच्या काचा हलत होत्या, चाकांवरच्या कमानी बसल्या होत्या आणि सीटमधून पेंढा निघत होता. पण मी ती चालवत घरी आणली तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

सासरे गॅलरीत उभे होते. ते कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते आणि एखादं वाक्य बोलले की त्यावर शिक्का मारल्यासारखं व्हायचं. त्यांनी गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली, आणि म्हणाले, "ही मुडद्याची गाडी आहे. मी हिच्यात बसणार नाही. ही मला नेईल तेव्हा आडवा नेईल."

मला राग आला. म्हाताऱ्या माणसांना अशुभ बोलायची हौस असते, असं मी स्वयंपाकघरात भांडी आपटत बोललेसुद्धा. पण पुढे जे झालं त्याने माझी बाजू लंगडी पडली.

रोज खारबावला जाता-येता लोक मला नमस्कार करू लागले. अंजूरफाट्यावर टपरीवाला चहाची किटली खाली ठेवून हात जोडायचा. म्हाताऱ्या बाया पदर सावरून थांबायच्या. एक सायकलवाला तर खाली उतरला. मला वाटलं, बाईमाणूस गाडी चालवतंय, शिक्षिका आहे, लोकांना कौतुक आहे. मीही मान लववून सगळ्यांना प्रतिनमस्कार करत असे. कुणाकुणाला हसूनही दाखवलं. घरी येऊन नवऱ्याला म्हटलंसुद्धा, की आपला तालुका वाटतो तितका मागासलेला नाही.

मग एक दिवस शाळेच्या शिपायाने अगदी काळजीने विचारलं, "बाई, तुमी रोज कोनाला नेता वो?"

मी त्या दिवशी परत येताना कुणाकडेच पाहिलं नाही.

ही गोष्ट मी घरात सांगायला नको होती. सासरे हसले नाहीत, त्यांनी फक्त नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचे गुडघे गेलेले होते. मानकोलीला राहणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याकडे ते दर आठवड्याला बुद्धिबळ खेळायला जात आणि काळ्या-पिवळ्या शेअर जीपमध्ये स्वतःला कोंबून घेऊन परत येत. दारात गाडी आणि वडील जीपच्या मागे लटकतात, हे कसं, असं नवऱ्याला लोक विचारू लागले. तो तसा गरीब स्वभावाचा, शेजारी बसला की नुसता पायाने नसलेला ब्रेक दाबत राहायचा. पण या बाबतीत तो हटला नाही. "दिवाळीपर्यंत बाबा बसले तर ठेवू," तो म्हणाला, "नाहीतर विकू आणि लहान घेऊ."

मी कबूल झाले. गणपती नुकतेच गेले होते, वेळ होता. गाडी मुडद्याची दिसते ना, मग तिचं दिसणंच बदलायचं.

मानकोलीच्या नाक्यावर एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्याला सगळे उस्ताद म्हणत. आयुष्यभर त्याने कापडाचे टेम्पो दुरुस्त केलेले. त्याच्या हिशेबी चार चाकांवर मोकळी जागा असणं हे पाप होतं. गाडीच्या रिकाम्या पाठीकडे पाहून त्याला खरोखरच वाईट वाटलं. मी त्याला मासिकाचं पान दाखवलं. त्याने ते उलटं-सुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "मैडम, ये कुत्ता भी चाहिये?"

मी काम सांगितलं. कमानीत पाटे वाढवायचे, स्टिअरिंगजवळचा गिअर काढून खाली घ्यायचा, काचा घट्ट करायच्या. मागे बसण्याची काहीतरी चांगली सोय करायची. रंग पिवळा, हळदीसारखा, कारण पिवळ्या गाडीतून कुणी कुणाला स्मशानात नेत नाही. आणि शेवटी, रागाच्या भरात, मी एक वाक्य जास्तीचं बोलले.

"उस्ताद, मुर्दागाडी छोडके कुछ भी लगे, चलेगा."

"टेंशन नहीं लेने का," तो म्हणाला.

माझ्या सहामाही परीक्षा चालू होत्या, त्यामुळे मी मधे फिरकले नाही. दिवाळी चार दिवसांवर आली तेव्हा निरोप आला, गाडी तयार आहे.

मी गेले आणि गॅरेजच्या दारातच उभी राहिले. गाडी हळदीसारखी पिवळी होती, यात शंका नाही. पण छपराला गंज लागलेला, म्हणून त्यावर उस्तादने गंज धरू नये असा काळा रंग दिला होता. वर सामान बांधायला लोखंडी कठडा. मागे, 'चांगली सोय' म्हणून, समोरासमोर दोन लांब बाकडी, लाल रेक्झीनची. कमानीतल्या वाढीव पाट्यांमुळे गाडी मागून उचललेली, जणू आता कितीही माणसं भरा. जीपच्या थांब्यावर उभी केली असती तर मला स्वतःला ती ओळखू आली नसती.

"कैसी लगती है?" उस्तादने विचारलं.

मुडद्याची नक्कीच वाटत नव्हती.

काम झालेली गाडी स्वतः मालकाच्या दारापर्यंत नेऊन द्यायची, ही त्याची रीत होती. पहिली फेरी दुसऱ्याच्या हातून झालेली त्याला चालत नसे. तेव्हा तो स्टिअरिंगवर आणि मी शेजारी. नाक्यावर तो पान घ्यायला उतरला. मी समोर बघत, आता घरी काय सांगायचं याचा विचार करत होते. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि गाडी गदगदा हलली. वळून बघेपर्यंत दोन्ही बाकडी भरली होती. एक पाटीवाली मावशी, सूत गिरणीचे दोन कामगार, डबे घेतलेले कुणी, आणि शेवटी कुणीतरी कण्हत कण्हत वर चढलं. "अंजूरफाटा, अंजूरफाटा!" एकाने स्वतःच हाक दिली, आम्हाला त्रास नको म्हणून.

मी "अहो, ही शेअर गाडी नाही" असं म्हणायला तोंड उघडलं आणि मागून आवाज आला, "जरा सरका हो, गुडघा वाकत नाही माझा."

ते माझे सासरे होते.

मी समोर तोंड फिरवलं आणि पदर डोक्यावरून ओढून घेतला. उस्ताद पान चघळत परतला, मागे बघून थबकला. मी हातानेच चल म्हटलं. बाजी जिंकली होती! दिवाळीच्या आधी, आडवे नाही, चांगले बसते झाले होते ते. आता घराच्या कोपऱ्यावर उतरताना मागे वळायचं आणि "कशी वाटली गाडी, बाबा?" एवढंच विचारायचं. मी ते वाक्य मनात दोनदा म्हणूनही पाहिलं.

उस्ताद मागचं दार लावायला गेला.

"दार नका लावू," सासरे म्हणाले.

"गिरेगा चाचा."

"नाही पडत. धरून बसतो. लावू नका."

उस्तादने खांदे उडवले आणि गाडी तशीच हाकली. वळच्या पुढे धूळ आत येऊ लागली तशी पाटीवाली मावशी कुरकुरली, "आजोबा, दार लावा ना वो, मासली नासल माजी."

"थोडं सोसा बाई. बंद दार मला सहन होत नाही."

"का वो?"

गाडीचा आवाज होता, पण मी त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होते. कोर्टात जबानी द्यावी तसे ते एका सुरात बोलत होते.

"माझी मंडळी गेली तेव्हा तिला असल्याच लांब गाडीतून नेली. मागे तिच्याजवळ मी एकटा. स्मशानात पोचलो, पुढचे सगळे उतरले आणि लाकडांचं बघायला गेले. दार लावलेलं. ते बाहेरूनच उघडतं, आतून काही नाही. मुलगासुद्धा गडबडीत विसरला. हाक मारायची तर मोठ्याने मारायला हवी, आणि तिला मोठ्याने बोललेलं आवडत नसे. म्हणून बसून राहिलो."

"लय येल?"

"बराच." मग म्हणाले, "आता सुनेनं तसलीच गाडी आणलीय. मुलगी चालवते फार छान, खारबावचा रस्ता पण कुठे घासली नाही. तिला कसं सांगणार हे? मुडद्याची गाडी म्हणून मोकळा झालो. तिला वाटतं म्हातारा हेकट आहे."

"तसंच वाटू द्या," मावशी म्हणाली, आणि पुढे धुळीबद्दल काही बोलली नाही.

सासूबाई माझ्या लग्नाआधी गेल्या. त्या दिवसाबद्दल घरात कधी कुणी बोललं नव्हतं. मी पदराआड रडत होते आणि उस्ताद एकदा रस्त्याकडे, एकदा माझ्याकडे बघत गाडी चालवत होता. घराच्या कोपऱ्यावर सासरे उतरले. उस्ताद पैसे नको म्हणाला, तर त्याच्यावर उखडले, "फुकट बसत नाही मी कुणाच्या गाडीत!" त्याने घेतले बिचाऱ्याने. मला मागे वळून काहीही विचारता आलं नाही.

बाकीचे अंजूरफाट्याला उतरले. "उस्ताद," मी म्हटलं, "वापस गॅरेज चलो. एक काम रह गया."

पिछाडीच्या दाराला आतून उघडणारी मूठ हवी, हे त्याच्या गळी उतरवायला वेळ लागला. त्याने असं काम कधी केलं नव्हतं. "अंदर से कौन खोलेगा, मैडम? माल खुद उतरेगा क्या?" पण भंगारातल्या एका जीपची मूठ शोधून, दाराचा पत्रा कापून, शिव्या देत देत त्याने ती बसवली.

आम्ही घरी पोचलो तेव्हा नवरा दारात कंदील बांधत होता. त्याने गाडी पाहिली आणि त्याच्या हातून दोरी सुटली. सासरेही खाली आले. पिवळा रंग, काळं छप्पर, लाल बाकडी, शेवटी उस्तादचं तोंड, असं सगळं त्यांनी क्रमाने पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे सुजलेले होते, त्यांना काय कळायचं ते कळलं असणार.

मी मागे चढले, दार आतून ओढून घेतलं, मूठ फिरवली, दार उघडून उतरले. मग बाजूला झाले.

सासरे चढले. बाकड्यावर टेकले, हात लांब करून त्यांनी दार ओढलं. ते बंद झाल्याचा आवाज आला आणि मग काहीच झालं नाही. नवरा घाबरून पुढे झाला, मी त्याचा हात धरला. मूठ फिरली, दार उघडलं. पुन्हा बंद झालं. पुन्हा उघडलं. सासऱ्यांनी डोकं बाहेर काढलं.

"मानकोलीहून हा भाडं फार घेतो," ते म्हणाले. उस्ताद खिशात हात घालू लागला तशी त्यांनी मान हलवून त्याला थांबवलं. मग आम्हा दोघांना म्हणाले, "तुम्ही वर जा. मी जरा बसतो. माझा मी येईन."

त्यांनी दार आतून लावून घेतलं आणि आम्ही त्यांना तिथे ठेवून वर गेलो.