मागच्या दारचा शिंजीर

पुढच्या दारी येतात ते पाहुणे. किस्से घडतात ते सगळे मागच्या दारी! आमच्या पोशीरला तीन घरांची मागची दारं एकाच परसात उघडतात: आमचं, हिराकाकूचं आणि नसीमाचं. फागुन लागला की या परसात शिंजीर येतो. अंगठ्याएवढं पाखरू, उन्हात निळं-जांभळं चमकतं, वाकड्या चोचीनं फुलातला मध ओढतं. त्याला आपल्याकडे बोलवायच्या नादात आम्ही तिन्ही घरांनी जे उद्योग केलेत, ते सांगायला बसले की चहा गार होतो. तरी सांगतेच.

*

सुरुवात आमच्या ह्यांनी केली. साजगावच्या कारखान्यात पाळी करणारा माणूस. पण मोबाईलवर अमेरिकेतलं, हवेत उभं राहून पिणारं पाखरू बघितलं आणि डोकंच फिरलं! ऑनलाइन लाल प्लॅस्टिकची बाटली मागवली, साखरपाणी भरलं, जांभळीला टांगली आणि समोर खुर्ची टाकून बसले.

पाच दिवस मुंगळे सोडून कुणी फिरकलं नाही.

हिराकाकू सत्तरीची, कुणाची भीडभाड ठेवत नाही. म्हणाली, "आरं, मुंगळ्यांची खानावळ काढलीस काय? आपलं पाखरू बसून खातं. त्याला बसायला काय ठेवलंस?"

खरंच की! ह्यांनी खराट्याची एक काडी बाटलीला आडवी बांधली. दुसऱ्या सकाळी शिंजीर आला, काडीवर बसला, मान तिरकी करून निवांत प्यायला. हे डबा हातात धरून तसेच उभे. कंपनीची बस रस्त्यावर हॉर्न मारून मारून निघून गेली.

साहेबांनी खाड्याचं कारण विचारलं, तर हे सरळ म्हणाले, "घरी पाहुणे जेवायला बसले होते. मधेच कसं उठवणार?"

*

नसीमा मूळची श्रीवर्धनकडची. नवऱ्याचं, म्हणजे सलीमभाईंचं, नेरळच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान, म्हणून तीन वर्षांपूर्वी इथे राहायला आली. आमची बाटली बघून तिनेही एक टांगली. पण शिंजीर आमच्याकडे येई, काकूच्या पांगाऱ्यावर येई, तिच्या बाजूला म्हणून फिरकत नसे.

रमजानमध्ये तिला वाटलं, लाल रंग बघून तरी येईल. इफ्तारचं गुलाबी सरबत तिने बाटलीत भरलं. मधमाश्या आल्या! अशा आल्या, की संध्याकाळी सलीमभाई हातात खजूर घेऊन दाराआडून ओरडले, "नसीमा, आज माझ्या आदी यांनीच रोजा सोडला गं!"

बाटली धुतली. तेव्हापासून साधं साखरपाणी, तेही रोज ताजं.

*

नर शिंजीर विणीच्या दिवसांत भारी भांडखोर. आमच्या ह्यांच्या बाईकच्या आरशात त्याला दुसरा नर दिसायचा आणि सकाळभर टकटक, टकटक. चोच मोडेल बिचाऱ्याची! मी आरशांना जुने मोजे चढवले.

ते तसेच ठेवून हे नेरळला गेले. चौकात हवालदारानं थांबवलं. आधी मोज्यांकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. "काका, आरशांना थंडी वाजते काय?"

ह्यांनी शिंजिराची सगळी कथा सांगितली. हवालदार ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मोजे काढा, आणि घरी गेल्यावर परत घाला."

*

फागुनातली दुपार आमच्याकडे अशी असते, की घड्याळसुद्धा हळू चालतं. पांगाऱ्याची लाल फुलं टपटप पडतात, त्यात शिंजिराची मादी येते. ती पिवळट, साधी. नराचा तोरा नाही तिला. पण फुलाला उलटी लटकून झुलते ना, तेव्हा बघणाऱ्याचं भान जातं.

त्या दिवशी आम्ही तिघी पायरीवर वाल सोलत होतो. मादी आली आणि तिघींचे डोळे तिच्यावर. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ऊन पायांवरून सरकून भिंतीवर गेलं. कुणाला काही आठवत नव्हतं आणि काही नकोही होतं. मला तर वाटलं, आपण असंच बसून राहावं, म्हातारं व्हावं.

काकू उठली तेव्हा कळलं, तिने सोललेले वाल कचऱ्याच्या बादलीत टाकलेत आणि सालं पातेल्यात!

"र्‍हाऊ दे," काकू म्हणाली, "आज मनानं जेवलो."

*

त्याच दिवशी नसीमा मला बोलली. डोळे पांगाऱ्यावरच होते. "वयनी, माज्या दारात एकदा पाखरू आलं ना, तर मी समजन, मी हितली झाले. नायतर तीन वर्सं मी पावनीच हाय."

मी तशी चिकट. कुणाला कोथिंबिरीची काडी देताना कुरकुरते. पण दुसऱ्या सकाळी माझ्या जास्वंदीच्या दोन्ही कुंड्या उचलून तिच्या दारात नेऊन ठेवल्या.

शिंजीर आला. कुंड्यांच्या रिकाम्या जागेवर बसला आणि माझ्या दाराकडे बघून असा चिवचिवाट केला, की शिव्याच घालत असावा! पाच हातांवर कुंड्या, पण तिकडे जाईल तर शपथ.

नसीमा हसली. "वयनी, तुमचं पाखरू तुमच्यावानीच हट्टी हाय!" हसली खरी, पण पदराने तोंड पुसत आत गेली.

*

पुढच्याच महिन्यात सलीमभाईंच्या भावाने तिकडे श्रीवर्धनला दुकान बघितलं. परत जायचं ठरलं. नसीमा तिकडचं घर लावायला पंधरा दिवस गेली, सलीमभाई दिवसभर दुकान आवरण्यात. तिच्या बाजूला बघायचं मी टाळतच होते. बघितलं की जीव कासावीस होई.

सामान न्यायला टेंपो आला, त्याच सकाळी ती परत आली. कपाट चढलं, पलंग चढला, गाद्या चढल्या. ड्रायव्हर म्हणाला, "शेट, बांधायला दोरी आना. आमची तुटली."

सलीमभाई विळा घेऊन मागे गेले. त्यांच्या मागच्या दारात कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी होती. मधोमध कचऱ्याचं लोंबकळतं बोचकं, कोळिष्टकं, सुकी पानं, सुरवंटाची विष्ठा. त्यांनी विळा दोरीला लावला.

"थांबा!" नसीमा ओरडली.

बोचक्याला वर एक भोक होतं. त्या भोकातून एक वाकडी चोच बाहेर आली.

नसीमाने दोन्ही हात तोंडावर धरले होते. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

पुढून हॉर्न वाजला. "ओ शेट, दोरी!"

सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं. "वयनी, तुमच्याकडं दोरी हाय का?"

माझ्या पडवीत तीन वेटोळी टांगलेली. मी म्हटलं, "नाय."

"काकू, तुमच्याकडं?"

"माज्याकडं? कदीच नव्हती!" काकू म्हणाली. तिच्या हातात बकरीचं दावं होतं, पलीकडच्या टोकाला बकरी.

सलीमभाईंनी दाव्याकडे बघितलं. बकरीकडे बघितलं. मग बायकोकडे. विळा पायरीवर ठेवला आणि पुढे जाऊन ड्रायव्हरला म्हणाले,

"भाऊ, आदी कपाट उतरव."